रेस कारचं पहिलं किट: १/२४, १/२० की १/१२?

आधी निकाल सांगून टाकतो. सांगली-मिरजेत राहत असाल, घरातल्याच खोलीत बसून काम करणार असाल, एअरब्रश-कंप्रेसर अजून घेतला नसेल आणि प्लास्टिकचे भाग जोडून आयुष्यातलं पहिलं रेस कारचं मॉडेल बांधायचं असेल, तर १/२० स्केलमधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या मापाची, जुनी फॉर्म्युला वन घ्या. १/२४ मधली बंद बॉडीची गाडी सोपी म्हणून सगळे सुचवतात. भाग कमी असतात हे खरं, पण आपल्या हवेत तीच जास्त रडवते. आणि १/१२ चा विचार, टेबल काही महिने कुणी आवरणार नाही अशी घरातून कबुली मिळाली तरच करा.

मापाचा हिशेब सरळ आहे. साडेचार मीटरची गाडी १/२४ मध्ये १९ सेंटीमीटरच्या आत बसते, १/२० मध्ये साडेबावीस आणि १/१२ मध्ये साडेसदतीस. पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक नाही. फरक आहे तो डब्यातून काय निघतं त्यात. जीटी, टूरिंग, रॅली आणि ल माँच्या गाड्या मुख्यतः १/२४ मध्ये येतात. १/२० हा प्रांत फॉर्म्युला वनचा. १/१२ मध्ये टामिया या जपानी कंपनीची मोठी किट आहेत: होंडा आरए२७३, लोटस ४९, लोटस ७८, टायरेल पी३४ वगैरे.

१/२४ पासून सुरुवात करू, कारण ऑनलाइन शोधलं की आधी तीच दिसतात. टामियाची कॅस्ट्रॉल टॉम्स सुप्रा घ्या उदाहरणाला. बॉनेट उघडत नाही, आत इंजिन नाही. खाली चासी, आत सीट आणि रोल केज, वर एकसंध बॉडी. जोडकाम तसं पटकन उरकतं. मग उरतो तो रंग, आणि सगळी परीक्षा त्यातच. प्रायमर, रंगाचे पातळ हात, डेकल्स (भिजवून चिकटवायची नावं-पट्टे), त्यावर क्लिअर म्हणजे पारदर्शक चकचकीत थर, मग २००० नंबरचा वॉटर पेपर आणि चमक आणणारं कंपाउंड. बॉडी एकच, मोठी आणि चकचकीत, त्यामुळे छतावर पडलेला एक कणसुद्धा ट्यूबलाइटखाली लपत नाही. आणि तो काढायला गेलात तर अख्ख्या बॉडीला पुन्हा हात लागतो.

आता आपली हवा बघा. पावसाळ्यात लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढरट झाक येते. मिरजेत सतारी आणि तानपुरे करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. लाख आणि स्पिरिटच्या पॉलिशलाही दमट हवेत हाच रोग लागतो. मग थांबू आणि थंडीत रंगवू म्हणाल, तर तेव्हा कारखान्यांचा हंगाम सुरू असतो. फडातलं पाचट पेटलं की काजळीचे काळे तुकडे उडत येतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, आणि ओल्या क्लिअरवर तर हमखास. एप्रिल-मेमध्ये उलटा प्रकार. पारा चाळिशीला टेकला की स्प्रेचा थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो, मग पृष्ठभाग खरबरीत येतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून उन्हाळा तापेपर्यंतच्या सकाळी त्यातल्या त्यात बऱ्या. खिडकी उघडी हवी, पण पंखा बंद.

आपल्याकडे एक सोय मात्र मोठी आहे. डेंटिंग-पेंटिंगची गॅरेज जागोजाग आहेत, ओळखीचा पेंटर असतो, आणि ‘उरलेला टू-के क्लिअर मारून देतो की’ असं तो आनंदाने म्हणतो. मोह होतो. पण हिशेब करा: खऱ्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंत रंगाचा एकूण थर साधारण ०.१ मिलिमीटर असतो. तोच थर १/२४ च्या बॉडीवर बसला, तर खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर लिंपण केल्यासारखं झालं. दरवाजाच्या फटी बुजतात, रिव्हेट गायब होतात. शिवाय गॅरेजमधला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर जोरात ओला बसला तर पॉलिस्टायरीन प्लास्टिक थेट वितळवतो. पेंटरकडून करून घ्यायचंच असेल तर गन बारीक नोझलची हवी, पहिले हात धुक्याइतके हलके हवेत, आणि टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन असतं म्हणून दोघांच्याही तोंडावर नीट मास्क हवा. साधा रुमाल चालत नाही.

हे सगळं जमलं तर १/२४ ची गाडी कपाटात जी दिसते तिला तोड नाही, हे मान्य. माझा आक्षेप एवढाच की पहिल्याच किटला सगळे पैसे या एका पत्त्यावर का लावायचे?

१/२० मध्ये हा डाव विभागला जातो. फॉर्म्युला वनच्या गाडीला मोठी बॉडीच नसते. नाकाचा भाग वेगळा, कॉकपिटभोवतालचा वेगळा, मागचा विंग वेगळा. प्रत्येक तुकडा काडीला टोचून स्वतंत्र रंगवता येतो आणि बिघडला तर तेवढाच परत करता येतो. बाकी निम्मं काम अर्धमॅट काळ्या, अॅल्युमिनियम आणि गनमेटल रंगाचं. सस्पेन्शनचे आर्म, गिअरबॉक्स, रेडिएटर, एक्झॉस्ट हे सगळं हाताच्या ब्रशने होतं. म्हणजे स्प्रे मारण्याजोगी हवा नसेल त्या दिवशीही काम पुढे सरकतं, आणि पावसाळ्यात ही गोष्ट फार मोलाची आहे. शिवाय इंजिन असतं. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पोरं आणि कुपवाड एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेली माणसं, दोघांनाही मजा येते ती इथे.

कोणती घ्यायची? मॅक्लारेन एमपी४/४ सगळ्यांना हवी असते. १९८८ च्या हंगामात १६ पैकी १५ शर्यती जिंकलेली, सेन्ना आणि प्रॉस्टची गाडी, मागे होंडाचं दीड लिटरचं टर्बो व्ही६. पण तिचा लाल रंग झळझळीत फ्लुरोसंट जातीचा. तो खाली स्वच्छ पांढरा असल्याशिवाय उठत नाही, आणि लाल-पांढऱ्याची सीमा मास्किंग टेपने काटेकोर काढावी लागते. त्यात त्या काळातल्या गाड्यांवरची तंबाखू कंपन्यांची नावं आता बहुधा डब्यात मिळत नाहीत. डेकल्स वेगळी मागवा, नाहीतर गाडी उघडीबोडकी दिसते. लोटस ७९ चीही तीच गत. वर काळा ग्लॉस आणि सोनेरी बारीक पट्टे. काळ्या ग्लॉसवर धूळ किती दिसते ते काळी गाडी पुसणाऱ्याला विचारा.

माझं मत टायरेल पी३४ ला. सहा चाकांची. पुढे दहा-दहा इंची चार छोटी चाकं, ती नाकामागे दडावीत म्हणून केलेली करामत. १९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये टायरेलचे ड्रायव्हर शेक्टर पहिला आणि देपाये दुसरा आला. त्यानंतर ही गाडी पुन्हा जिंकली नाही, पण तिला विसरलंय कोण? बांधणाऱ्याच्या दृष्टीने तिचे गुण वेगळे. रंग मुख्यतः निळा, तो पांढऱ्या किंवा काळ्यापेक्षा धुळीला जास्त क्षमा करतो. प्रायोजक तेल कंपनी, त्यामुळे तंबाखूची भानगड नाही. ड्रायव्हरला पुढची चाकं दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला छोट्या खिडक्या आहेत. त्या फेव्हिक्विकने चिकटवू नका, वाफेने काच धुरकट होते. साधा फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकावर घ्या, वाळला की पारदर्शक होतो. घरी कुणी चौकशीला आलं तर ‘हिला सहा चाकं का?’ एवढ्या प्रश्नावर संध्याकाळ निघते, हा वरचा फायदा.

आणि मागे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, तीन लिटरचं व्ही८, बरंचसं उघड्यावर. इथे एक छोटं काम सुचवतो, किटच्या बाहेरचं. खऱ्या स्पार्क प्लगची वायर ७-८ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १/२० मध्ये साधारण ०.४. बाजारात यासाठी खास वायर मिळते, पण मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याच्या एनॅमल तारेचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात. शेतीपंपांच्या या जिल्ह्यात असं दुकान शोधावं लागत नाही. योग्य जाडीची तार मागून आणा. हातड्रिलने प्लगच्या जागी ०.४ चं भोक पाडा, तार आत सरकवा, मुळाशी फेव्हिक्विकचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. मग तार बोटाने न दाबता गोल काडीवरून वळवा. बोटाने दाबली की तिला कोपरा पडतो, आणि वायरला कोपरा पडला की खोटेपणा उघडा पडतो. आठ प्लग, आठ तारा. या स्केलला एवढा तपशील पुरेसा उठून दिसतो आणि डोळ्यांना भिंगही लागत नाही. निदान चाळिशी ओलांडेपर्यंत.

१/१२ मध्ये हेच सगळं मोठं आणि खरं वाटतं. बऱ्याच किटमध्ये स्प्रिंगा धातूच्या, स्क्रू खरे, पाइपांसाठी व्हिनाइलच्या नळ्या, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. लोटस ४९ च्या नंतरच्या आवृत्त्यांत फोटो-एच केलेले (रसायनाने कोरलेले) पातळ धातूचे भागही आले आहेत. यंत्र उलगडून बघण्याची हौस असेल तर हा आनंद १/२० देऊ शकत नाही. पण किंमत विसाव्या मापाच्या तीन-चार डब्यांइतकी सहज जाते. जुने साचे असतील तर भाग घासून बसवावे लागतात. आणि बॉडी मोठी झाली की १/२४ बद्दल सांगितलेलं रंगाचं दुखणं परत हजर. जागेचं म्हणाल तर गाडी साडेसदतीस सेंटीमीटर असली तरी अर्धवट अवस्थेत ती तुकडे, डब्या आणि बाटल्यांसह डायनिंग टेबल व्यापते. ठेवायला काचेची पेटीच हवी. कृष्णेकाठी, गावभागात तळमजल्यावर राहत असाल तर पेटी वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना कारण विचारावं लागणार नाही.

मॉडेल फॅक्टरी हिरो या कंपनीसारखी व्हाइट मेटल (मऊ ओतीव मिश्रधातू) आणि रेझिनची किट या तुलनेत नुसती उल्लेखापुरती. तपशील अफाट, किंमत त्याहून अफाट. प्लास्टिकचा सिमेंट तिथे चालत नाही, कारण तो पॉलिस्टायरीन विरघळवून सांधा एकजीव करतो आणि धातूवर नुसताच वाळतो. फेव्हिक्विक, इपॉक्सी, ड्रिल आणि फाइल यांवर सगळं काम. दोन-तीन प्लास्टिक गाड्या पार पडल्यावर बघा. दुसऱ्या टोकाला लेगोची टेक्निक मॅक्लारेन आहे, १४३२ तुकड्यांची, रंगाची कटकट नाही, पिस्टन हलतात. मुलांसोबत सुट्टीत करायला झकास. मात्र तिला स्केल मॉडेल म्हणवत नाही.

हत्यारांवर सुरुवातीला फार खर्च नको, एक निप्पर (भाग कापायची बारीक पक्कड) सोडून. ती मात्र चांगली घ्या, चपट्या तोंडाची. भाग फ्रेममधून दोन वेळा कापायचा. पहिल्यांदा लांबून, मग उरलेला ठोंब अगदी जवळून, आणि शेवटचा उंचवटा ब्लेडने सोलून ६०० नंबरच्या पेपरने घासायचा. एकाच वारात कापलं तर प्लास्टिक ताणून पांढरं पडतं आणि तो डाग रंगातूनही वर येतो. पेपर ४०० पासून २००० पर्यंत कुठल्याही ऑटो पेंटच्या दुकानात मिळतात. चिमटा इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाले वापरतात तो.

मागवताना एक पाहा. एअरोसोल स्प्रे विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे किट येऊन पडतं आणि रंग रस्त्याने मागाहून येतो, कधी कधी येतच नाही. म्हणून पी३४ ठरवलीत तरी आधी निळा स्प्रे हातात येऊ द्या, तो टाकाऊ प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघा, आणि मगच किटची ऑर्डर टाका. तोच निळा मिळत नसेल तर ऑटो पेंटच्या दुकानात डब्यावरचं चित्र दाखवून शेड मिसळून घेता येते. फक्त चमच्याची चाचणी तेव्हाही चुकवू नका, आणि चमचा पॉलिस्टायरीनचाच घ्या.