लेथची मोटार घेताना मला कसं फसवलं

मासे गरवायचा रॉड बांधायच्या लेथसाठी (रॉड आडवा धरून फिरवणाऱ्या यंत्रासाठी) कोणी जुनी मोटार बघत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. साडेसहा हजार गेले त्याचं वाईट वाटतंच, पण त्या मोटारीने आमच्या घराला आग लागायची तेवढी बाकी ठेवली होती, म्हणून लिहायला बसलोय.

मी रत्नागिरीचा. गरवायचा नाद लहानपणापासूनचा. गेली चार वर्षं कोरा ब्लँक (रॉडची नुसती काठी) आणून गाइड (दोरी ओवायच्या कड्या), रील सीट (रील बसवायची जागा), कॉर्कची मूठ असं सगळं स्वतः बसवतो आणि आता ओळखीचे लोकही रॉड बांधून मागतात. आधी सगळं हातावर चालायचं. गाइड बांधलेल्या दोऱ्यावर एपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या लेपाचा) हात दिला की खुर्ची ओढून बसायचं आणि दर थोड्या वेळाने रॉड अर्धा फिरवायचा. एपॉक्सी ओलं असताना रॉड स्थिर राहिला तर लेप खाली ओघळतो, गाइडच्या पायाशी थेंब लोंबतो आणि तिथेच दगडासारखा घट्ट होतो. पहिले तीन-चार तास तरी रॉड फिरता ठेवावा लागतो. दिवसभर नोकरी करून रात्री हे जमेना, म्हणून मोटारीचा विचार सुरू केला.

लेथवर कामं तीन. गाइडवर दोरा गुंडाळताना वेग अगदी कमी लागतो आणि पायपट्टीवरून पाय उचलला की जागच्या जागी थांबावं लागतं. एपॉक्सी वाळवताना मिनिटाला पाच ते पंधरा फेरे पुरतात, पण ते तासन् तास आणि एका लयीत हवेत. कॉर्कची मूठ घासताना मात्र हजार-बाराशेचा वेग लागतो आणि घासायचा कागद दाबला तरी दम टिकावा लागतो. एकाच मोटारीत हे तिन्ही मिळावं अशी माझी इच्छा होती आणि व्यापाऱ्याने तीच हेरली.

दुकान मुंबईतलं, जुन्या मोटारींचं. मी काय करतो ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि आतून एक हिरव्या रंगाची मोटार आणली. म्हणाला, "साहेब, परमनंट मॅग्नेट डीसी. पाव एचपी, पंधराशे आरपीएम, शंभर टक्के कॉपर. इंपोर्टेड मशीनमधून काढलीय. दहापासून पंधराशेपर्यंत जिथे पाहिजे तिथे फिरवा, रात्रभर चालू ठेवा." म्हणजे आत कायमचं चुंबक असलेली, डीसी विजेवर चालणारी, मिनिटाला पंधराशे फेऱ्यांची. मोटारीच्या पाटीवरही तेच: १८० व्होल्ट डीसी, पाव एचपी, १५०० आरपीएम, ड्यूटी एस-१, म्हणजे न थांबता चालणारी. सोबत वेग बदलायचा एक क्रीम रंगाचा डबा. त्याने बटण फिरवलं, मोटार अगदी हळू फिरायला लागली, मग वेग घेत गेली. मी खूश झालो.

पण ती मोकळी फिरत होती. शाफ्टवर ना पट्टा, ना पुली. मोकळी मोटार बघून मी पैसे दिले ही माझी पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल," असं तो म्हणाला आणि हजार-बाराशे वाचवायला मी कच्च्या चिठ्ठीवर मान डोलावली. चिठ्ठीवर नुसतं 'मोटर १ नग'. दुकानाचं नाव नाही, सही नाही.

घरी आणून लेथला जोडली. कॉर्कवर कागद टेकवला की वेग झपकन खाली यायचा, कागद उचलला की मोटार किंचाळत वर जायची. मला वाटलं पट्टा सैल असेल. एकदा पट्टा निसटलाच, तेव्हा तिचा आवाज इतका चढला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "नवीन ब्रश आहेत, बसायला वेळ लागतो."

त्याच आठवड्यात मांडवी जेटीवर नेहमी भेटणाऱ्या एका आजोबांचा दहा फुटी रॉड पूर्ण करायचा होता. रात्री दहाला एपॉक्सीचा शेवटचा हात दिला, दोन पुल्या लावून वेग उतरवला, बटण सगळ्यात खाली ठेवलं आणि मिनिटाला वीसेक फेरे बघून झोपलो. दोनच्या सुमारास जळक्या वार्निशच्या वासाने जाग आली. मोटार थांबलेली, पण वीज चालूच. अंगाला हात लावता येत नव्हता. शेजारी कॉर्कचा भुसा आणि थिनरची बाटली. रॉडवर प्रत्येक गाइडखाली एकेक थेंब लोंबत होता, शेंड्यापर्यंत. तो दोरा मला ब्लेडने काढावा लागला, आणि ब्लँकला चरा पडू नये म्हणून दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

मोटार आमच्याकडच्या रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने उघडली आणि माझ्याकडेच बघितलं. "भाऊ, ह्यात मॅग्नेट कुठे आहे?" आत चुंबकाऐवजी फील्डची वेटोळी होती. शिलाई मशीनच्या मोटारीची जात, एसीवरही चालते आणि डीसीवरही. भार आला की बसते, भार गेला की सुसाट सुटते. एका वेटोळ्याची तार त्याने ब्लेडने खरवडली. वरचं तांबूस वार्निश निघालं आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश जेमतेम चार मिलिमीटर उरलेले. ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खोल काळ्या चरी. मग त्याने पाटीचे रिबिट काढले. पाटीखाली जुन्या पाटीची दोन भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली, वरून हिरवा रंग. त्या डब्याला मल्टिमीटर लावला तर बाहेर डीसी येतच नव्हतं, तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा साधा डिमर होता. खरी चुंबकाची डीसी मोटार त्यावर फिरलीच नसती, नुसती गुरगुरली असती.

मिस्त्रीने दाखवलेली एक तपासणी दुकानात उभ्या उभ्या करता येते, ती कळावी म्हणूनच खरं तर हा सगळा खटाटोप. मोटार विजेपासून पूर्ण सोडवा. तिच्या दोन वायरींची टोकं एकमेकांना जोडा आणि शाफ्ट हाताने फिरवा. चुंबकाची असेल तर शाफ्ट जड जातो, टोकं सुटी केली की पुन्हा हलका होतो. माझ्या मोटारीत दोन्ही वेळा काहीच फरक नव्हता. शाफ्ट फिरवताना वायरींना मल्टिमीटर लावला तर चुंबकाच्या मोटारीत व्होल्ट लगेच दिसतात. हे करायला व्यापारी नको म्हणाला तर तिथून निघा. आणि चालवून बघताना शाफ्टवर पुली बसवायला लावा, तिच्यावर लाकडी पट्टी दाबा, आणि अर्धा तास चालू ठेवून मग अंग किती तापलं ते बघा.

आणि खरी डीसी मोटार मिळाली असती तरी दहा ते पंधराशे ही थाप होती. मोटार संथ फिरते तेव्हा तिच्याच शाफ्टवरचा पंखाही संथ फिरतो, वारा मिळत नाही, ती तापत जाते. वाळवायला वेगळी मोटार लागते. मी आता मायक्रोवेव्हच्या ताटलीखाली असते तशी गिअरची सिंक्रोनस (विजेच्या लयीवर एकाच वेगाने फिरणारी) मोटार लावलीय, ३-४ वॅटची, मिनिटाला पाच-सहा फेरे. कधी डावीकडे सुरू होते कधी उजवीकडे, वाळवण्यात त्याने काही बिघडत नाही. घेताना तिच्यावर २२० किंवा २४० व्होल्ट लिहिलंय ना ते मात्र बघा, तशाच दिसणाऱ्या २१ व्होल्टच्याही मिळतात आणि त्या थेट प्लगला लावल्या की जळतात. दोऱ्याला शिलाई मशीनची मोटार, तिच्याच पायपट्टीसकट. कॉर्कला पाव एचपीची साधी इंडक्शन मोटार, १४४० आरपीएम, वेग पायऱ्यांच्या पुलीवर बदलायचा. तिला रेग्युलेटर लावून देतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झला बांधलेला असतो, आणि रेग्युलेटरने वेग उतरवला तर स्टार्टिंगचं वाइंडिंग (फक्त सुरू होताना लागणारं वेटोळं) परत जोडलं जाऊन जळू शकतं.

व्यापाऱ्याला फोटो पाठवले. "तुमच्यासमोर चालवून दाखवली होती," एवढं उत्तर आलं आणि नंबर ब्लॉक झाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण बिल नसल्याने दुकान कोणाचं इथूनच सुरुवात होते. तरी यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि मिस्त्रीचं लेखी म्हणणं माझ्याकडे आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझा अर्ज तयार आहे, या महिन्यात देतोय.

ती मोटार अजून माझ्याकडेच आहे, पुरावा म्हणून. तसलीच दुसरी कोणाला दाखवली जाईल म्हणून खूण सांगून ठेवतो: गडद हिरवा रंग, पाटी ॲल्युमिनियमची आणि चकचकीत नवी, रिबिटांभोवतीचा रंग उडालेला, पाटीवर कंपनीचं नाव नाही, सिरियल नंबर नाही. सोबत क्रीम डबा, त्यावर हाताने लिहिलेलं 'स्पीड'.