नटबोल्टचा तबला मुलांच्या वर्गात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरमध्ये चार दिवसांच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं, तर चारपैकी दोन तबल्यांच्या पुड्या, म्हणजे तोंडावर मढवलेली कातडी, फाटलेल्या. कुणी हात लावला नव्हता, वरून काही पडलंही नव्हतं. दोन्हीकडे चीर एकाच जागी होती: गजऱ्यालगत, म्हणजे पुडीच्या कडेच्या कातडी वेणीलगत, हुकाच्या बरोबर खाली. दुकानदाराला फोटो पाठवले, त्याचं एका ओळीत उत्तर आलं, "कातड्याची गॅरंटी नसते." ते खरंच आहे, कातड्याची गॅरंटी कुणीच देत नाही. पण ही पुडी कातड्याच्या दोषाने फाटलेली नाही, जुळणीमुळे फाटली आहे, हे त्याला तीन आठवडे समजावून सांगितलं आणि शेवटी दोन पुड्यांचे २२०० रुपये वर्गाच्या फंडातून भरले. शाळेनंतरच्या संगीतवर्गासाठी नटबोल्टचा तबला घ्यायचा विचार असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

वापर किती झाला ते सांगतो. ठाण्यातला वर्ग, ८ ते १३ वयाची २४ मुलं, आठवड्यातून तीन दिवस, रोज दीड तास. तबला आणि डग्गा (डाव्या हाताचा मोठा) अशा चार जोड्या, मुलं आळीपाळीने बसतात. तबल्याचं तोंड सव्वापाच इंची, स्वर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. खरेदी जूनमध्ये, म्हणजे पूर्ण पावसाळा, ऑक्टोबरचं ऊन आणि थंडी या तिन्ही हवा या वाद्यांनी पाहिल्या.

वादीचा, म्हणजे कातडी पट्टीने आवळलेला, सोडून नटबोल्टचा का, तर वादीच्या तबल्यात स्वर चढवायचा म्हणजे वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून खाली सरकवायचे आणि मग गजऱ्यावर हातोडीने बारीक काम करायचं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ती हातोडी देता येत नाही, एक फटका चुकला की चाट, म्हणजे पुडीच्या कडेची कातडी पट्टी, गेली. नटबोल्टमध्ये गजऱ्यावर लोखंडी कडं, कड्यात आठ हुक, हुकांची आटे पाडलेली टोकं खालच्या कड्यातून बाहेर आणि तिथे नट. १० नंबरचा पाना लागतो. बोल्ट सहा मिलिमीटरचा असल्यामुळे नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर ताण, चतकोर फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. मुलांना मोजून करता येईल असं तबल्यात दुसरं काही नाही.

आता या वाद्याचा मुख्य दोष, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. पुडीला घरं, म्हणजे वादी ओवायच्या जागा, सोळा असतात आणि हुक आठच. वादी सोळाही घरांतून फिरते, त्यामुळे ताण सगळीकडे सारखा बसतो. इथे हुक एक घर सोडून एक येतो. कडं जाड असेल तर ते मधला ताण वाटून घेतं. आमच्याकडे आलेलं कडं जेमतेम चार मिलिमीटरचं होतं. दोन महिन्यांत ते हुकाच्या जागी खाली दबलं आणि दोन हुकांच्या मध्ये वर उचललेलं राहिलं. कडं सपाट फरशीवर ठेवलं की आठ ठिकाणी खालून उजेड दिसतो. परिणाम असा की हुकासमोर चाटेवर 'ना' हा बोल वाजवला तर स्वर बरोबर, आणि मधल्या घरावर वाजवला तर तोच स्वर पडलेला. मूल मधल्या घराचा स्वर चढवायला शेजारचे दोन्ही नट कसतं, मग हुकाखालचं कातडं गरजेपेक्षा जास्त ताणलं जातं. चीर नेमकी तिथेच पडली ती यामुळे.

दुसरं कारण हवेचं. जुलै-ऑगस्टमध्ये कातडं दमट हवा पितं, सैल पडतं, तबल्याचा स्वर उतरतो. मुलं दर वर्गाला थोडं थोडं कसत राहिली. सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक हुकावर मिळून दीड ते दोन फेरे जास्त झाले होते. मग पाऊस गेला, हवा कोरडी झाली, कातडं आकसलं. वादीच्या तबल्यात अशा वेळी वादी स्वतः थोडी ताणली जाते, गठ्ठा किंचित सरकतो, म्हणजे कातड्याला जागा मिळते. लोखंडी बोल्ट जागचा हलत नाही, सगळा ताण कातड्यावर येतो. चार दिवस बंद कपाटात, खिडकीला ऊन, आणि पुडी फाटली. दुकानदाराने विकताना एवढं एक वाक्य सांगितलं असतं, की पाऊस गेला की सगळे नट सैल करा, तर २२०० रुपये वाचले असते. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार एवढीच आहे आणि ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर आम्ही दुसरं टोक गाठलं: रोज वर्ग संपला की आठही नट अर्धा फेरा सैल करायचे. हा उपाय चुकीचा निघाला. रोज ताणून रोज सोडल्याने पुडी बसतच नाही, स्वर दहा मिनिटांत पुन्हा उतरतो, आणि दीड तासातली वीस मिनिटं जुळवण्यात जातात. महिनाभराने ते बंद केलं. आता नियम असा आहे. पावसाळ्यात जे काही कसू ते वहीत लिहायचं, चतकोर फेऱ्याच्या हिशेबात. हवा कोरडी व्हायला लागली की दीड महिना दर आठवड्याला तेवढंच परत सोडायचं. तीन दिवसांपेक्षा मोठी सुट्टी असेल तर सुट्टीआधी अर्धा फेरा सैल. एरवी हात लावायचा नाही. नोव्हेंबरपासून एकही पुडी गेलेली नाही.

पावसाळ्यात कपाटात दिवा लावायचा जुना उपाय चालतो, पण साध्या ४० वॉटच्या दिव्याने. एलईडी दिवा गरम होत नाही, त्याचा उपयोग शून्य. दिवा पुडीपासून दोन फूट तरी लांब हवा.

इथे मला मत बदलावं लागलं. पुड्या फाटल्यावर या तबल्याला नावं ठेवूनच लिहिणार होतो. पण पुडी बदलायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की वादीचा तबला मढवायला कारागिराकडे द्यावा लागतो, आठवडा जातो, गर्दीच्या दिवसांत पंधरा दिवस. नटबोल्टची पुडी वर्गातच पाऊण तासात चढली, सुकायला एक रात्र वेगळी. जुने नट पूर्ण सोडायचे, कडं उचलायचं, खोडाचा, म्हणजे लाकडी अंगाचा, काठ कोरड्या फडक्याने पुसून त्यावर खडबडीत जागा नाही ना ते बोट फिरवून पाहायचं. नव्या पुडीचा गजरा आणि चाटेची बाहेरची कड ओल्या फडक्याने नरम करायची, मधल्या काळ्या शाईला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. शाई बरोबर मध्यावर आली की नाही ते चार बाजूंनी पट्टीने मोजायचं. मग कडं ठेवून नट हाताने घट्ट होतील तेवढेच फिरवायचे आणि कातडं सुकेपर्यंत, निदान एक रात्र, तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाना. हे सगळं एका मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मुलांनी केलं. पुडी घेताना तोंडाच्या मापाबरोबर गजऱ्याची जाडीही सांगा. नेहमीच्या पुडीचा गजरा कधी कधी एवढा जाड असतो की हुक बसतच नाही, आणि दुकानात हे कुणी विचारत नाही.

नट कसायचा क्रम महत्त्वाचा. हुकांना ऑइल पेंटने १ ते ८ आकडे घाला. क्रम समोरासमोरचा: १, ५, ३, ७, २, ६, ४, ८. एका वेळी चतकोर फेऱ्याच्या वर नाही. मुलं ज्या बाजूला बसलेली असतात त्या बाजूचे नट जास्त कसतात, कारण हात तिथे पोचतो. तबला फिरवायचा, हात नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवा.

आणि याच आकड्यांतून जे झालं त्याची अपेक्षा नव्हती. तंबोऱ्याचं ॲप काळी एकवर लावून द्यायचं आणि मुलांना प्रत्येक हुकासमोर आणि दोन हुकांच्या मध्ये 'ना' वाजवून विचारायचं: चढलंय, उतरलंय की बरोबर? जूनमध्ये चोवीसपैकी चार-पाच मुलांना फरक ऐकू येत होता. डिसेंबरात बहुतेकांना येतो, आणि काहीजण 'सहाच्या पुढचं घर थोडं पडलंय' इतकं नेमकं सांगतात. कड्याचा जो दोष मी वर एवढा उगाळला, त्यानेच कानाला हा सराव दिला. सोळाही घरं सारखी असती तर ऐकायला काय होतं? दोष तो दोषच, पण हा फायदा लपवणं बरोबर नाही.

मुलं तबल्यातून गणिताकडे वळतात, हे तबल्याच्या शिक्षकांना नवीन नाही. एकतालाची तिगुण, म्हणजे तिप्पट लय, घ्या. बारा मात्रांचं (ठोक्यांचं) आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, चार मात्रांत बसतं, म्हणून नवव्या मात्रेवर सुरू करायचं, हे मूल स्वतः शोधतं. मग सोळा मात्रांच्या तीनतालाला आलं की अडतं. सोळाचे तीन भाग सव्वापाचपेक्षा थोडे जास्त होतात. पाच पूर्ण एक तृतीयांश मात्रांत बसायचं तर दहा पूर्ण दोन तृतीयांश मात्रा संपल्यावर उठायचं, म्हणजे अकरावी मात्रा सुरू होऊन तिचे दोन भाग गप्प जायचे आणि तिसऱ्या भागावर पहिला 'धा' येतो. हे पाटीवर मांडून समजत नाही. टाळी देत 'एक दोन धा' असं पढंत करून, म्हणजे तोंडाने म्हणून, घेतलं की पाचवीतलं मूल दोन तृतीयांश कुठे असतं ते बोटावर दाखवतं. तिहाईचंही, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर (पहिल्या मात्रेवर) येण्याचंही, तसंच. 'धा तिट धा तिट धा' हा पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एक मात्रा दम (थांबा), असं तीनदा. ५+१+५+१+५ = १७, म्हणजे समेवरून उठलेला शेवटचा धा पुढच्या समेवर पडतो. दम दोन मात्रांचा केला तर १९ होतात, मग कुठून उठायचं, हा प्रश्न मुलांवर सोडा. पाच-सात मिनिटांत उत्तर येतं: चौदाव्या... नाही, पंधराव्या मात्रेवरून. एकदा वाजवून पाहिलं की खरं-खोटं लगेच कळतं, तपासायला शिक्षक लागत नाही.

या सगळ्यासाठी स्वरातला तबलाच हवा, प्लास्टिकच्या पडद्याचा सरावाचा पॅड नको. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं की मध्यावर वजन दिलेल्या भारतीय तालवाद्यांच्या कातड्यातून स्वरमेळाचे, म्हणजे मूळ स्वराशी जुळणारे, उपस्वर निघतात. साध्या ताणलेल्या पडद्यातून ते निघत नाहीत. ते वजन म्हणजे शाई. पॅडवर बोटांची जागा शिकता येते, कान शिकत नाही.

शाईचा विषय निघालाच आहे तर मुलांच्या वापरात ती कशी जाते ते सांगतो. लोहकीस आणि शिजवलेल्या पिठाचा लेप थर थर देऊन, दगडाने घासून ती केलेली असते आणि तिच्यातल्या बारीक भेगा मुद्दामच्या असतात. मुलं हाताला पावडर फार लावतात, ती भेगांत बसते, घामाने ओली होते आणि कडेचे कण सुटायला लागतात. एक कण सुटून भेगेत अडकला की 'तिं' फाटका येतो. असा कण मऊ ब्रशने काढून टाका. फेविकॉल किंवा कुठलाही गोंद लावू नका, वजन बदलतं आणि स्वर कायमचा बिघडतो. पावडर चिमूटभर, तीही हाताला लावून झटकून. नखं कापलेली नसतील तर त्या दिवशी वाजवायला बसवायचं नाही. आमच्या चारही जोड्यांत शाई शिक्षकाच्या तबल्यापेक्षा दुप्पट वेगाने झिजली, आणि ते होणारच.

डग्गा मात्र नटबोल्टचा घेऊ नका. बोल्टची टोकं खाली बाहेर येतात आणि मांडी घालून बसलेल्या मुलाच्या गुडघ्याला लागतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून टोकांवर चढवले तेव्हा खरचटणं थांबलं. शिवाय 'घे' घासताना सैल हुक खणखणतो. प्रत्येक नटाखाली रबरी वॉशर घातला तर आवाज जातो, वॉशर आठ रुपयांचे आणि ते मुळातच द्यायला हवे होते. डग्ग्याचा स्वर इतका नेमका लावावाच लागत नाही, म्हणून तिथे नटाचा फायदाही नाही. मुलांसाठी तोंड साडेआठ इंचांच्या वर नको, लहान हात पुरत नाही.

तबल्याखालच्या चुंबळीत दिलेला स्पंज दोन महिन्यांत चपटा झाला. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पिळून केलेली चुंबळ अजून तशीच आहे. आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन महिन्यांतून एकदा, कातड्यापासून लांब. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि नट अडकतो.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेसाठी वर्गातली सात मुलं बसणार आहेत, त्यांना शेवटचा महिना वादीच्या तबल्यावर बसवतो, कारण परीक्षेत तोच समोर येण्याची शक्यता जास्त. सवय व्हायला तीन-चार वर्ग पुरतात.

पाचवी जोडी घ्यायची आहे. तबला नटबोल्टचाच, पण दुकानात कडं हातात घेऊन, जाडी मोजून. सहा मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर परत. डग्गा वादीचा.