बारावी इंग्लिशचं गाइड: अलंकार मस्त, ग्रामरची उत्तरं मात्र तपासून घ्या

लेक यंदा बारावी कॉमर्सला, तिच्यासाठी जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून हे गाइड आणलं. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. एका भागात फिगर्स ऑफ स्पीच, दुसऱ्यात ग्रामर. चार महिने वापरून झालंय म्हणून लिहितेय.

आधी चांगलं सांगते. अलंकारांचा भाग खरंच भारी आहे. ज्याने कोणी लिहिलाय त्याने शिकवलेलं असणार, कारण नुसत्या व्याख्या देऊन मोकळा झालेला नाही, प्रत्येक ठिकाणी मराठीचा हात धरून नेतो. सिमिली म्हणजे आपली उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हे तर पोरं दहावीपर्यंत मराठीत करूनच आलेली असतात पण कोणी जोडून दाखवत नाही. मेटॉनिमी आणि सिनेक्डकी यात आमच्या लेकीची कायम गल्लत व्हायची. इथे दिलंय, 'बाबा ताटावर बसलेत', म्हणजे जेवायला बसलेत, ताटाचा जेवणाशी संबंध म्हणून ताटाचं नाव घेतलं, ही मेटॉनिमी. आणि 'खाणारी तोंडं पाच, कमावणारे हात दोन', इथे अवयव सांगून अख्खा माणूस सांगितला, ही सिनेक्डकी. एकदा वाचलं आणि डोक्यात बसलं (माझ्यासुद्धा, पंचवीस वर्षांनी).

अलिटरेशनचंही (म्हणजे आपला अनुप्रास, जवळजवळच्या शब्दांची सुरुवात एकाच आवाजाने) तसंच. अक्षर नाही, आवाज बघा असं ठळक छापलंय. 'नाइफ' आणि 'काइट' दोन्हीचं स्पेलिंग 'के'ने सुरू होतं पण अलिटरेशन नाही, देवनागरीत लिहिलं की लगेच दिसतं. कवितेच्या अप्रिसिएशनला, म्हणजे रसग्रहणाला, ४ मार्क असतात, त्यात नुसतं अलंकाराचं नाव टाकून भागत नाही, तो तिथे काय करतो ते लिहावं लागतं, त्याची तयारी या भागातून चांगली झाली.

आता ग्रामर. नियम बरोबर आहेत हो, पण मागची उत्तरं कोणी तपासली देवजाणे. 'टू' (too) काढा या प्रश्नात 'ही इज टू वीक टू वॉक' दिलंय आणि उत्तर काय तर 'ही इज सो वीक दॅट ही कॅन वॉक'. म्हणजे इतका अशक्त की चालू शकतो! 'कॅनॉट'मधला नॉटच खाल्ला. पुढे 'नो सूनर'च्या जोडीला चक्क 'व्हेन' छापलंय, तिथे 'दॅन' हवं, 'व्हेन' येतं हार्डली नाहीतर स्केअर्सलीबरोबर. आणि 'नो सूनर द बेल रँग' असं सरळच वाक्य, 'डिड द बेल रिंग' असं उलटं करायचं असतं तेही नाही. लेकीने हेच पाठ करून क्लासच्या टेस्टमध्ये लिहिलं, मार्क गेले आणि घरी येऊन माझ्यावर चिडली, कारण गाइड मी आणलं ना.

मी बसून तपासलं तर ट्रान्सफॉर्मेशनच्या (अर्थ न बदलता वाक्याची रचना बदलायची) एका धड्यात सात चुका सापडल्या. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे ताई, नवीन आवृत्तीत नीट होईल. अहो पण परीक्षा फेब्रुवारीत आहे.

कागद बरा, बाइंडिंग टिकलंय, टाइप जरा बारीक. अलंकारांसाठी ५ पैकी साडेचार, ग्रामरला दीड. घ्यायचंच असेल तर वाक्यांची उत्तरं कॉलेजच्या सरांकडून तपासून घ्या. आमच्या कॉपीत मी पेन्सिलने दुरुस्त्या केल्यात, कोणाला त्या पानांचे फोटो हवे असतील तर सांगा, पाठवते.