पडवीतला सायकल स्टँड : दोन पावसाळ्यांनंतर

गुहागरात आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. रात्री गाज ऐकू येते आणि त्याच वाऱ्यासोबत मीठही घरात येतं. चेन पुसून तेल द्यायचं राहिलं, तर आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या दिवसांत आठवडाभरात तिच्यावर तांबूस पूड धरते. सायकल वर्षातून एकदा दुकानात सर्व्हिसिंगला टाकून इथे भागत नाही, दर आठवड्याला हात लावावाच लागतो. म्हणून स्टँड, दुरुस्तीसाठी सायकल उचलून धरणारा.

आधी मी पडवीच्या वाशाला काथ्याचे दोन दोर बांधून सायकल टांगायचो. चाक फिरायचं, पण पेडल मारलं की अख्खी सायकल झोके घ्यायची. एक हात पेडलवर, दुसरा गिअरच्या केबलवर, आणि सायकल धरायला मुलगा. तो नोकरीला रत्नागिरीला गेला, तेव्हा मागचं चाक उचलणारा छोटा लोखंडी स्टँड आणला, नऊशे रुपयांना. चेन साफ करायला, मागचे गिअर लावायला तो पुरतो. ज्यांना एवढंच करायचंय त्यांनी जास्त पैसे घालू नयेत. पण सगळं काम उकिडवं बसून, आणि माझ्या गुडघ्यांना आता ते झेपत नाही.

मग साडेचार हजारांचा, घडीचा, तीन पायांचा आणि वर सायकल पकडणारा क्लॅम्प असलेला स्टँड घेतला. तीन पायांचाच हवा होता, कारण आमची पडवी शेणाने सारवलेली, उंचसखल. चार पायांचं काहीही तिथे डुगडुगतं, तीन पाय मात्र कुठेही टेकतात. फक्त एक पाय सायकलच्या भाराच्या बाजूला, तिच्या खाली यायला हवा. तो उलट्या बाजूला गेला तर जड सायकल स्टँडला घेऊन कलंडते. क्लॅम्प मी स्क्रूने आवळायचा निवडला. खटक्याच्या क्लॅम्पपेक्षा वेळ लागतो, पण किती आवळतोय ते हाताला कळतं.

आणि क्लॅम्प कुठे लावायचा, हे नीट वाचा. फ्रेमच्या नळीला नाही. अल्युमिनियमच्या नळ्या मध्यभागी पातळ असतात, जोराने आवळलं की पोचा येतो. कार्बनची तर तडकते. धरायचं ते सीट पोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला. त्यासाठी सीट थोडी वर घ्यावी लागते, आधीच्या उंचीवर चिकटपट्टीचा वेढा मारून ठेवा.

माझं घोडं इथेच अडलं. पहिल्याच दिवशी नट सैल केला तरी सीट हलेना. माझी फ्रेम पोलादाची, दांडा अल्युमिनियमचा. या दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी शिरलं की अल्युमिनियम कुजायला लागतं आणि दांडा आत घट्ट बसतो. दोन दिवस फटीत गंज सोडवायचं तेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी सीट दोन्ही हातांनी धरून पिळली, तेव्हा आधी एक बारीक 'कर्र' झालं, मग केसभर हलली, मग पाव वेढा. बाहेर आलेल्या दांड्यावर चुन्यासारखी पांढरी पूड होती, आणि नळीच्या तोंडाशी लाल गंजाचं कडं. दोन्ही घासून, पुसून, ग्रीस लावून परत घातलं. आता आगोटीपूर्वी एकदा आणि दिवाळीत एकदा दांडा पूर्ण बाहेर काढतोच. स्टँड आणला नसता तर हे मला कळलंच नसतं, आणि आणखी दोन वर्षांनी दांडा कापूनच काढावा लागला असता.

आता तक्रार. स्टँडच्या नळ्या अल्युमिनियमच्या, त्यांना काही झालं नाही. पण कंपनीने बोल्ट साधे लोखंडी दिले. पहिल्या पावसाळ्यातच ते लाल झाले, पाय मिटेनात. एवढे पैसे घेऊन चार बोल्टांत काटकसर करावी, याचा मला राग आहे. चिपळूणहून ३१६ नंबरच्या स्टेनलेसचे आणून बदलले. हाच नंबर मागा, साधं स्टेनलेसही खाऱ्या हवेत डागाळतं. क्लॅम्पच्या रबरात वाळू अडकते, दर वेळी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर दांड्यावर चरे पडतात. बाकी पकड अजून पहिल्यासारखीच आहे. शेजारच्या मुलीची शाळेची जुनी, जडशीळ सायकलही त्याने तोलली.

गेल्या रविवारी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन आलो. चढउताराच्या रॅम्पवर नेहमी समुद्राचं पाणी असतं, चाकं त्यातूनच काढावी लागतात. घरी येऊन गोड्या पाण्याने सायकल धुतली, स्टँडला लावली. आता उभ्याने, डोळ्यांसमोर चेन येते. पेडल हळूहळू फिरवत कान दिला की गिअर कुठे घासतोय ते ऐकू येतं, केबलचा स्क्रू पाव वेढा फिरवला की ती करकर थांबते. मग पोलादी पट्टी लावून चेन मोजली. २४ कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, नव्या चेनला बरोब्बर १२ इंच भरतात. माझी इंचाचा सोळावा भाग जास्त भरली. याहून ताणली की ती मागची दातेरी चक्रंही खाते, म्हणून त्याच संध्याकाळी नवी चेन मागवली.