सिएटलच्या ग्रंथालयात बसायचं कुठे: तिसरा मजला, दहावा, की पुस्तकांची चढण?

सिएटलच्या सेंट्रल लायब्ररीत एक दुपार मोकळी मिळाली तर कुठे बसावं, असं इथे नव्यानं आलेली आपली मंडळी विचारतात. २००४ साली उघडलेली, वास्तुकार रेम कूलहास यांच्या ऑफिसनं आखलेली ही ११ मजली काचेची इमारत बाहेरून सगळ्यांनीच पाहिलेली असते. म्हणून थेट आत शिरतो.

रस्ता चढाचा असल्यामुळे पाचव्या अव्हेन्यूच्या दारानं गेलात की तुम्ही एकदम तिसऱ्या मजल्यावर, ‘लिव्हिंग रूम’मध्ये असता. डोक्यावर तिरकी काच, कथा-कादंबऱ्या हाताशी. भारतातून आई-बाबा आले की मी त्यांना आधी इथे आणतो. मग पहिल्या मजल्यावरची कलाकार ॲन हॅमिल्टन यांची लाकडी जमीन दाखवतो. तिच्यावर ११ भाषांतल्या ओळी उलट्या अक्षरांत उठावानं कोरल्या आहेत आणि त्या पायांना जाणवतात. गप्पांना लिव्हिंग रूम उत्तम. सलग वाचन मात्र माझ्याच्यानं तिथे होत नाही, ये-जा फार. चौथ्या मजल्यावरचा लालभडक, वळणावळणाचा बोळ नुसता चालत बघून यावा.

वाचायलाच बसायचं तर खरी निवड दोनच जागांत आहे.

दहाव्या मजल्यावरचा वाचनकक्ष देखणा आहे, यात वाद नाही. ढगाळ दिवशीही तिथे भरपूर उजेड असतो. पहिले दोन हिवाळे मी तिथेच काढले. पण मी वाचत होतो मराठ्यांच्या इतिहासावर, आणि त्यात एक पुस्तक दुसऱ्याकडे पाठवतं. प्रत्येक वेळी लॅपटॉप, ओला कोट, छत्री, पिशवी सगळं गोळा करून खाली जायचं, पुस्तक घेऊन वर यायचं, तोवर खिडकीजवळची खुर्ची गेलेली. एका दुपारी असं तीनदा झालं. दोष कुणाचाच नाही, पण चौथ्यांदा मी वर गेलोच नाही.

सहाव्यापासून नवव्या मजल्यापर्यंत पुस्तकांची एकच सलग, मंद चढण आहे. पुस्तकं विषयवार लावण्याचे ड्युई क्रमांक ००० ते ९९९, मध्ये कुठेही खंड नाही. जमिनीवरच्या रबरी पट्ट्यांवर आकडे आहेत, ते बघत चालायचं. पूर्वी मी जात असे त्या एका ग्रंथालयात मजला संपला की इतिहासही तुटायचा आणि उरलेली कपाटं भलत्याच खोलीत सापडायची. इथे भारताचा ९५४ अखंड उभा आहे, आणि टेबलावरून उठून चार पावलांत पुढचं पुस्तक हातात येतं.

दहाव्यासारखं आभाळ इथे नाही, हे मान्य. कुणाला तेच हवं असेल आणि सोबत घरचं पुस्तक असेल, तर त्यांनी खुशाल वर बसावं. बाकीच्यांना माझं सांगणं इतकंच: लिफ्टनं दहावा गाठा, कठड्यावरून एकदा खाली डोकावा आणि नवव्यावरून उताराला लागा. ९५४ लवकरच लागेल. बहुतेक शनिवारी मी तिथेच जवळपास असतो.