मिलेनियम बायपासवाला एलईडी, बरेच महिने वापरल्यावर

माझ्या गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये साधा डीपीडीटी, म्हणजे दोन पोलचा, फूटस्विच आहे आणि पेडल ऑन आहे की नाही ते दाखवणाऱ्या एलईडीसाठी आर. जी. कीनचं मिलेनियम बायपास सर्किट, बीएस१७० मॉसफेट (स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर) असलेलं. आवाजाबद्दल तक्रार नाही, ट्रू बायपास आहे (पेडल बंद असताना गिटारचा सिग्नल थेट पुढे जातो), पाय मारला की पॉप येत नाही. जे काही रामायण झालं ते एलईडीचं.

आधी चालतं कसं ते थोडक्यात. डीपीडीटीचे दोन्ही पोल ऑडिओतच संपतात, एलईडीला तिसरा पोल उरत नाही, म्हणून स्विचचा जो एक लग (पिन) रिकामा राहतो तो मॉसफेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पिनला, जोडलेला. बायपास केलं की इफेक्टचं आउटपुट त्या लगवर येतं, व्हॉल्यूम पॉटमधून गेटला ग्राउंड मिळतं, एलईडी बंद. पेडल ऑन केलं की गेट अधांतरी, त्याचा व्होल्टेज वर गेला की एलईडी लागतो, आणि त्याला वर खेचायला काय तर ९ व्होल्टला उलटा लावलेला १एन४१४८ डायोड, म्हणजे त्याचा नुसता लीकेज (उलट दिशेने झिरपणारा करंट), नॅनोअँपिअरमधला. डोकं भारी लावलंय, पण सगळा खेळ एवढ्याशा करंटवर.

सुरुवातीला मस्त चाललं. मग हवा दमट झाली की ऑन केल्यावर एलईडी हळूहळू उजळायला लागला, मग अर्धवटच, मग लागेचना, आणि आवाज मात्र व्यवस्थित येतोय. मॉसफेटची ड्रेन पिन, जिला एलईडी जोडलाय, वायरने ग्राउंडला टेकवली तर लख्ख लागला, म्हणजे एलईडी, त्याचा ४.७केचा रेझिस्टर आणि सप्लाय तिन्ही ठीक. मग गेटवर मीटर लावला आणि इथे खरी गंमत, एलईडी चांगला चालू असतानासुद्धा प्रोब टेकवला की विझतो, काढला की परत लागतो. कारण मीटर स्वतःच १० मेगोहम आहे, १० नॅनोअँपिअर त्यातून गेले तर जेमतेम ०.१ व्होल्ट, आणि बीएस१७०ला उघडायला कमीत कमी ०.८ लागतात. तेव्हा गेटवर शून्य दिसलं म्हणून मॉसफेट मेला समजून उपटू नका.

भिंगातून बघितलं तर गेटच्या पॅडभोवती सोल्डरिंगचा पिवळट चिकट फ्लक्स तसाच राहिलेला, दमट हवेत डायोडचा करंट तिथूनच ग्राउंडला पळतोय. आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढला, बरंच सुधारलं पण भरवसा वाटेना, म्हणून शेवटी डायोड काढून १० मेगोहमचा रेझिस्टरच टाकला. तेव्हापासून हवा कशीही असो, पाय मारला की लागतो. आता मीटर लावला तरी विझत नाही, गेटवर साडेचार व्होल्टच्या आसपास दिसतात, अर्धे मीटर खातो. तोटा एवढाच की १००केचा व्हॉल्यूम पॉट फुल्ल असेल तर बायपासमध्ये आउटपुटवर ०.०९ व्होल्ट डीसी बसतो, त्यामुळे स्विच करताना बारीकशी टिक येते, तीही अँप मोठा असेल तरच.

उलटा प्रॉब्लेम असेल, म्हणजे एलईडी बंदच होत नसेल, तर आधी मॉसफेटचा नंबर वाचा. बीएस१७०च्या जागी २एन७००० टाकतात, चालतं, पण त्याच्या ड्रेन आणि सोर्स पिना अदलाबदल आहेत, तसाच खोचला तर आतल्या बॉडी डायोडमधून एलईडी कायम चालू, फिरवून लावला की काम झालं. दुसरं म्हणजे ज्या पेडलला आउटपुटला व्हॉल्यूम पॉट नाही, नुसता कपॅसिटर आहे, तिथे गेटला खाली ओढणारं कुणीच नसतं, आउटपुटवरून ग्राउंडला रेझिस्टर द्यावाच लागतो. डायोड असेल तर १ मेगोहम पुरतो, पण माझ्यासारखा १० मेगोहम लावलात तर १००के द्या, नाहीतर गेटवर ०.८ राहतात आणि एलईडी मिणमिणत बसू शकतो.

नवीन पेडल बांधत असाल तर सरळ थ्री-पीडीटी (तीन पोलचा) स्विच घ्या, एलईडीला तिसरा पोल मिळतो, विषय संपला. पण जुन्या पेडलमध्ये डीपीडीटी धडधाकट असेल तर सगळ्या वायरी उपसून स्विच बदलण्यापेक्षा हे बरं, फक्त डायोडच्या जागी पहिल्यापासूनच रेझिस्टर टाका.