महासाथींचा भित्तितक्ता: मांडणी उत्तम, आकड्यांचे मोजमाप दुटप्पी

मानवी इतिहासातील प्राणघातक साथी एका नजरेत दाखवणारा हा भित्तितक्ता गेले चार महिने माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. इ.स. 165 च्या सुमारास रोमन साम्राज्यात सुरू झालेल्या अँटोनाइन साथीपासून कोविडपर्यंतच्या महासाथी त्यात डावीकडून उजवीकडे कालक्रमाने मांडल्या असून, प्रत्येकीसाठी मृतांच्या संख्येनुसार लहानमोठे वर्तुळ काढले आहे. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे आणि अक्षरे हातभर अंतरावरूनही वाचता येतात. तक्ता घेण्याजोगा आहे, परंतु त्यातील वर्तुळांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

सर्वांत जमलेला भाग प्लेगचा आहे. 541 मध्ये जस्टिनियन सम्राटाच्या काळात उद्भवलेली साथ, 1347 मध्ये युरोपात पोहोचलेला ‘काळा मृत्यू’ आणि एकोणिसाव्या शतकात चीनच्या युन्नान प्रांतातून निघून पुढे जहाजांबरोबर बंदरोबंदरी पसरलेली तिसरी साथ, या तिन्ही एकाच रंगाच्या रेषेने जोडल्या आहेत, कारण तिघींच्या मुळाशी यर्सिनिया पेस्टिस हा एकच जिवाणू होता. अलेक्झांडर यर्सिन यांनी तो 1894 मध्ये हाँगकाँगमध्ये शोधला. पहिल्या दोन साथींतील त्याचा हात मात्र जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांच्या दातांत टिकून राहिलेल्या डीएनएमुळे अगदी अलीकडे निर्विवाद ठरला. हा दुवा इतक्या सुबोधपणे दाखवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्याच पट्टीत 1377 मधील रगुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराच्या नियमाचीही नोंद आहे: साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्यापूर्वी तीस दिवस बाहेर थांबायचे. रोगाचे कारण कळण्याच्या पाचशे वर्षे आधी माणसांनी विलगीकरणाचा मार्ग शोधला होता, हे पाहून मन भरून येते.

मात्र मृतांच्या आकड्यांबाबत तक्त्याने निष्काळजीपणा केला आहे आणि तो मला गंभीर वाटतो. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या वर्तुळात ‘5 कोटी’ असा एकच आकडा छापला आहे. प्रत्यक्षात अभ्यासकांचे अंदाज दोन कोटींच्याही खालपासून दहा कोटींपर्यंत जातात. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे, शेजारी कोविडसाठी सुमारे 70 लाख हा देशोदेशींच्या सरकारांकडे नोंदल्या गेलेल्या मृत्यूंचा आकडा घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 आणि 2021 या दोनच वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे 1 कोटी 49 लाख अधिक माणसे दगावली. एका साथीसाठी अंदाज आणि दुसरीसाठी केवळ नोंद, अशी दोन मापे वापरून काढलेली वर्तुळे शेजारी ठेवली, तर पाहणाऱ्याची दिशाभूल होणारच. शिवाय लोकसंख्येशी असलेले प्रमाण कोठेही दिलेले नाही. काळ्या मृत्यूने युरोपातील एक-तृतीयांश ते निम्मी माणसे नेली. 1918 मध्ये जगाची लोकसंख्या सुमारे 180 कोटी होती, म्हणजे पाच कोटी बळी धरले तरी ते प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच राहते. तक्त्यावर ही दोन वर्तुळे जवळजवळ सारखी दिसतात आणि गावेच्या गावे ओस पडण्याचा अर्थ त्यात हरवून जातो.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, नोंद त्रोटक असली तरी बरोबर आहे. 1854 मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाशी साथीचा संबंध जोडला, तो नकाशा छोट्या चौकटीत दिला आहे. देवीच्या रोगावर मात्र अन्याय झाला आहे. 1520 मधील मेक्सिकोची साथ तेवढी दाखवली असून, एकट्या विसाव्या शतकात या रोगाने घेतलेल्या सुमारे 30 कोटी बळींचा उल्लेख नाही आणि 8 मे 1980 रोजी त्याचे समूळ उच्चाटन झाल्याची झालेली घोषणाही नाही. एवढ्या लांब कागदावर त्या एका तारखेला जागा मिळायला हवी होती.

क्षयरोग तर तक्त्यात नाहीच, बहुधा त्याला आरंभाचे आणि शेवटाचे वर्ष देता येत नाही म्हणून. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जिवाणू 1882 मध्ये दाखवून दिला, औषधेही कधीच आली, तरी 2023 मध्ये त्याने सुमारे साडेबारा लाख माणसांचा जीव घेतला. माझ्या प्रतीवर मी त्याच्यासाठी पेन्सिलीने एक रेघ ओढली आहे, ती डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाते.